ढिले चाक आणि घट्ट चाक : पुढच्या बेअरिंगच्या दुरुस्तीच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

गाडी चाळीस वर्षांहून जुनी आहे. इंजिनाची ओढ मागच्या चाकांना आहे; पुढची चाके फक्त वळतात आणि भार पेलतात. पुढे डिस्क ब्रेक आहेत. गेल्या महिनाभरात दोन गोष्टी एकदमच जाणवू लागल्या. ताशी ६० किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर येऊ लागली, आणि एखादे मोठे वळण घेऊन गाडी सरळ रस्त्याला लागली की ब्रेकचे पेडल पहिल्या दाबाला बरेच खाली जाऊ लागले. दुसऱ्या दाबाला ते पुन्हा जागेवर येत असे. ब्रेक ऑइलची पातळी बरोबर होती, गळती कोठेही नव्हती, आणि उभ्या गाडीत पेडल कितीही वेळा दाबले तरी कडकच लागत होते.

पेडल फक्त वळणानंतर खाली जाते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली. चाकाचे बेअरिंग ढिले असेल तर वळणावर चाक ॲक्सलवर थोडे कलते, चाकाबरोबर डिस्क कलते, कललेली डिस्क ब्रेक पॅडना आणि त्यांच्यामागच्या पिस्टनना मागे ढकलते, आणि पुढच्या खेपेला पेडल दाबल्यावर पहिले तेल हे वाढलेले अंतर भरण्यातच खर्च होते. त्यामुळे तक्रार ब्रेकची असली तरी तपासणीची सुरुवात चाकापासून केली.

मागच्या चाकांना अडणीचे ठोकळे लावून, हँडब्रेक ओढून पुढची बाजू जॅकने उचलली आणि स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीचे चाक जोराने हलवणे मला मान्य नाही, मग काम पाच मिनिटांचे का असेना. उजवे चाक वर आणि खाली धरून आतबाहेर हलवले, तेव्हा स्पष्ट 'टक' असा आवाज आला आणि टायरची वरची कड सुमारे एक मिलिमीटर हलली. नंतर तेच चाक डावीकडे आणि उजवीकडे, म्हणजे घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवले. तेथेही प्ले, म्हणजे ढिलाईची हालचाल, होता, पण त्याची जात वेगळी वाटली; पहिल्या गचक्यामागून दुसरा एक अगदी हलका गचका येत होता.

चाक हलते एवढ्यावरून बेअरिंग ढिले आहे असे ठरत नाही. बॉल जॉइंट (चाकाचा आधार ज्यावर वळतो तो गोळीचा सांधा) झिजला, किंवा त्याहून जुन्या बांधणीत त्याच कामाची किंग पिन झिजली, तरी चाक वरखाली धरून हलवल्यावर असेच हलते. आणि टाय रॉडचे, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीचे, टोक झिजले तर ते आडव्या दिशेने हलते. ही सगळी ढिलाई हाताला सारखीच लागते. ती वेगळी करण्याची एक सोपी आणि भरवशाची रीत आहे. मुलीला गाडीत बसवून पेडल घट्ट दाबून धरायला सांगितले. ब्रेक लागला की पॅड डिस्कला पकडतात आणि कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा भाग, तर नकलवरच (स्टिअरिंगने वळणाऱ्या, चाकाच्या आधारावरच) बोल्टने बसवलेला असतो, म्हणजे हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) आणि नकल तात्पुरते एकजीव होतात आणि त्यांच्यामधले बेअरिंग हिशेबातून बाहेर पडते. अशा स्थितीतही चाक हललेच तर दोष नकलच्या पलीकडे, म्हणजे बॉल जॉइंट, किंग पिन किंवा स्टिअरिंगच्या सांध्यांत असतो.

तिने पेडल दाबले आणि वरखालचा प्ले पूर्णपणे नाहीसा झाला. "बाबा, सोडू का आता?" असे तिने विचारले, तेव्हा तिला आणखी थोडे धरायला सांगून आडवी तपासणी केली. मोठा गचका गेला होता, तो हलका गचका मात्र तसाच होता. बोट टाय रॉडच्या टोकावर ठेवले तेव्हा तो बोटाखालीच जाणवला. तिथले रबरी आवरणही चिरलेले आहे. म्हणजे उजव्या बाजूला दोन स्वतंत्र दोष आहेत. टाय रॉडचे टोक बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट पुन्हा करावे लागते, म्हणून ते काम बेअरिंग पूर्ण झाल्यावर करायचे ठरवले.

आता मोजमाप. चाक काढले, पॅड मागे सारून डिस्क मोकळी केली, ग्रीसची टोपी काढली. डायल गेजचा (सूक्ष्म हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाचा) चुंबकी पाया हबच्या तोंडावर बसवून त्याची काडी ॲक्सलच्या टोकावर टेकवली आणि हब न कलवता सरळ आत दाबून सरळ बाहेर ओढले. काटा ०.३४ मिलिमीटर फिरला. या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत हा प्ले ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर, म्हणजे एक ते पाच हजारांश इंच, असावा असे दिले आहे. उजवे चाक मर्यादेच्या पावणेतीनपट ढिले निघाले.

डाव्या चाकावर काटा हललाच नाही. डावे ठीक, असे वहीत लिहिले.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

काम सुरू करण्यापूर्वी या बेअरिंगची रचना लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच उभे आहेत. प्रत्येक हबमध्ये शंकूच्या आकाराचे रोलर असलेली दोन बेअरिंगे असतात, आतल्या बाजूला मोठे आणि बाहेरच्या बाजूला लहान. प्रत्येकाचे दोन सुटे भाग असतात. बाहेरची गुळगुळीत कडी, जिला कप म्हणतात, हबमध्ये घट्ट ठोकून बसवलेली असते; आणि आतली कडी, रोलर व पिंजरा मिळून जो एक भाग होतो, त्याला कोन म्हणतात. तो ॲक्सलवर हाताने सरकेल इतपत सैल बसतो. हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली ज्या शंकू-रोलर बेअरिंगचे पेटंट घेतले, त्याच कल्पनेची ही मांडणी आहे. शंकूचा उतार असल्यामुळे हे बेअरिंग उभा भार आणि वळणावरचा आडवा भार दोन्ही पेलते, आणि त्याच उतारामुळे ॲक्सलच्या टोकावरचा नट कमीजास्त करून त्यातली फट ठरवता येते. नट आवळला की कोन कपात खोल जातो आणि फट कमी होते. सैल केला की वाढते. सध्याच्या बहुतेक गाड्यांत बेअरिंग एकसंध असते, त्यातली फट कारखान्यातच ठरलेली असते आणि नट फार मोठ्या टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, आवळायचा असतो. तेथे इथली हाताने बेतण्याची पद्धत लावली तर बेअरिंग खराब होते. ही नोंद फक्त जुन्या पद्धतीच्या, नटाने जुळवायच्या हबसाठी आहे.

हब हाताने फिरवून पाहिला. फिरणे गुळगुळीत होते, घरघर नव्हती. सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोटांची टोके ठेवून चाक वेगाने फिरवले, तर खराब बेअरिंगची कुरकुर स्प्रिंगमधून बोटांना कळते; तशी काही जाणवली नाही. म्हणून आज फक्त फट जुळवायची, असे ठरवले.

नट फिरू नये म्हणून त्याच्या खाचेतून आणि ॲक्सलच्या भोकातून घातलेली स्प्लिट पिन काढली. ती गंजून नटाच्या खाचेत बसली होती आणि तिचे एक टोक तुटले, तेव्हा उरलेला भाग बारीक पंचाने मागून ढकलावा लागला. नटाला सहा खाचा आहेत आणि ॲक्सलमध्ये एकमेकांना काटकोनात आरपार अशी दोन भोके आहेत. आट्यांचा पिच, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात नट जेवढा सरकतो ते अंतर, १.५ मिलिमीटर आहे. या तीन आकड्यांचा हिशेब करून पाहिल्यावर दोन भोके कशासाठी पाडली आहेत ते उलगडले. भोक एकच असते तर खाच आणि भोक दर ६० अंशांनी जुळले असते, आणि ६० अंशांत नट पाव मिलिमीटर पुढेमागे होतो, म्हणजे परवानगी असलेल्या पूर्ण पट्ट्याच्या अडीचपट. दोन भोकांमुळे दर ३० अंशांना एक जागा मिळते आणि पाऊल ०.१२५ मिलिमीटरवर येते. तेही पट्ट्याच्या रुंदीपेक्षा थोडे मोठेच आहे. त्यामुळे एखाद्या वेळी एक खाच घट्ट आणि लगेचची पुढची खाच सैल, असे होऊ शकते; मग वॉशर बदलून किंवा सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून वॉशर किंचित घासून मधली जागा शोधावी लागते.

पद्धत अशी ठेवली. हब सतत फिरवत ठेवून टॉर्क पान्याने नट १६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळला. फिरवत ठेवणे आवश्यक आहे, कारण थांबलेल्या हबमध्ये रोलर तिरपे राहतात आणि नट आवळलेला भासतो. हब फिरला की रोलर आपापल्या जागी सरळ होतात आणि तीच फट पुन्हा दिसू लागते. त्यानंतर नट पूर्ण सैल केला, पान्याशिवाय फक्त बोटांनी टेकेपर्यंत आणला आणि तेथून मागे पहिली खाच भोकाशी जुळेपर्यंत फिरवला. खाच जुळत नसेल तर नट नेहमी सैल करायचा, आवळायचा कधीच नाही. हा एकच नियम मी खडूने भिंतीवर लिहून ठेवला आहे. डायल गेजवर ०.०६ मिलिमीटर आले. नवी स्प्लिट पिन घातली, टोपी बसवली, चाक लावले.

चाचणीत थरथर गेली होती आणि वळणानंतरही पेडल जागेवर राहत होते.

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार

गाडी २१० किलोमीटर चालली आहे. गेल्या तीन दिवसांत पेडल वळणानंतर पुन्हा खाली जाऊ लागले, म्हणून आज उजव्या चाकाचे माप घेतले. ०.२१ मिलिमीटर आले. पिन जागेवर आहे, नट फिरलेला नाही, वॉशरची जीभ ॲक्सलच्या खाचेत नीट बसलेली आहे.

दोन आठवड्यांत ०.१५ मिलिमीटर वाढले. एवढ्या अंतरात बेअरिंग इतके झिजत नाही, आणि झिजले असते तर फिरताना खरखर ऐकू आली असती. ग्रीसचा थर बसल्याने पहिल्या काही किलोमीटरांत माप थोडे बदलते, पण ते एक-दोन शतांश मिलिमीटर, पंधरा नव्हे. याचा अर्थ हबमधला कोणतातरी भाग जागचा सरकतो आहे. नट पुन्हा आवळला असता तर आज सगळे ठीक दिसले असते आणि आणखी दोन आठवड्यांनी हीच नोंद पुन्हा लिहावी लागली असती. उद्या हब उघडणार.

आणखी एक गोष्ट आज हाताला लागली आणि ती मला जास्त काळजीची वाटते. २५ किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर, शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवून, शेवटी आपोआप थांबू देऊन दोन्ही हबना हात लावला. ढिले असलेले उजवे हब कोमट होते. डाव्या हबवर तळहात दोन क्षणांपेक्षा जास्त टेकवता आला नाही. ब्रेक धरून राहिला आहे का हे पाहण्यासाठी डावे चाक उचलून पॅड मोकळे केले, तरीही चाक जड फिरत होते.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

आधी उजवे हब. कॅलिपरचे बोल्ट काढून तो तारेने वर टांगला. ब्रेकच्या नळीवर त्याचे वजन येऊ दिले नाही. जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती हवेने न उडवता ओल्या कापडाने पुसून ते कापड पिशवीत बांधून टाकले. नट आणि वॉशर काढून हब थोडे पुढे ओढले की बाहेरचा कोन आपोआप हातात येतो. तो खाली पडू नये म्हणून अंगठा आधीच तेथे ठेवावा लागतो. हब पूर्ण काढून मागचे ग्रीस सील उचकटले आणि आतला कोन बाहेर घेतला. दोन्ही कोन रॉकेलमध्ये धुऊन कोरडे होऊ दिले. वाळवताना हवेच्या झोताने बेअरिंग गरगर फिरवण्याची सवय अनेकांना असते. ती घातक आहे, कारण कोरडे रोलर क्षणात ओरखडले जातात आणि पिंजरा फुटून रोलर अंगावर उडू शकतात.

रोलर चांगले होते. खळगे नव्हते, पापुद्रे सुटलेले नव्हते, गंज नव्हता. मग आतला कप पुसून उजेडात धरला आणि तेथे गोष्ट उघड झाली. रोलरने पाडलेला चकाकता पट्टा कपाच्या सगळ्या परिघावर सारख्या उंचीवर असायला हवा. इथे तो एका बाजूला कपाच्या रुंद तोंडाकडे सरकलेला होता आणि बरोबर समोरच्या बाजूला अरुंद तोंडाकडे. कप हबमध्ये तिरपा बसला असेल तरच असा पट्टा पडतो. हबच्या आत जुना कप ठोकून काढण्यासाठी समोरासमोर दोन खोबण्या ठेवलेल्या असतात. त्यांतून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचे, फट मोजण्याचे साधन) घातला तेव्हा एका खोबणीत ०.१० मिलिमीटरचे पाते कपामागे सहज शिरले. समोरच्या खोबणीत ०.०४ चे पातेही शिरले नाही.

पितळी दांडी खोबण्यांमधून आळीपाळीने दोन्ही बाजूंना ठोकत कप बाहेर काढला. कप ज्या कठड्याला टेकतो त्या कठड्यावर, नेमक्या त्याच बाजूला, छिन्नीचा वार बसून धातूचा एक कंगोरा वर उठलेला होता. पूर्वी कोणीतरी जुना कप पोलादी छिन्नीने काढला असणार, आणि कंगोरा न पाहता नवा कप त्यावर ठोकला असणार. कप त्या कंगोऱ्यावर अधांतरी टेकून होता. गाडी चालत राहिली, वळणांचा भार येत राहिला, तसा कंगोरा थोडा थोडा चेपत गेला आणि कप आत सरकत गेला. कप जेवढा आत सरकला तेवढी फट वाढली. कंगोऱ्याचा माथा चेपून चकचकीत झाला होता, बोटाच्या नखाला मात्र तो अजूनही स्पष्ट लागत होता. म्हणजे सरकणे अजून संपलेले नव्हते.

बारीक कानशीने कंगोरा काढला. कानस फक्त कंगोऱ्यावर चालवली, कठड्याच्या मूळ पृष्ठाला लागू दिली नाही. नंतर पोलादी पट्टीची धार कठड्यावर आडवी ठेवून चहूकडून उजेड पाहिला आणि हब रॉकेलने तीन वेळा धुतले, कारण कानशीचा एक कण बेअरिंगमध्ये राहिला तरी पुढचे सगळे श्रम फुकट जातात.

दुपारी डावे हब उघडले. टोपी काढताच तिच्यातून पातळ तपकिरी तेल ओघळले. ग्रीसमधले तेल उष्णतेने वेगळे होऊन बाहेर आले होते आणि आत उरलेले ग्रीस काळे व घट्ट झाले होते. ॲक्सलच्या भोकातून पाहिले तर पिन ज्या खाचेत होती ती बोटांनी टेकण्याच्या जागेपेक्षा जवळपास एक पूर्ण पाऊल पुढे, म्हणजे आवळलेल्या बाजूला होती. खाच जुळेना म्हणून कोणीतरी नट मागे घेण्याऐवजी पुढे नेला होता. बाहेरच्या कोनाच्या रोलरची जाड टोके आणि ती ज्या कडेला घासतात ती कड निळसर पडली होती. शंकू-रोलर बेअरिंगमध्ये रोलरच्या जाड टोकाचे हे घासणे नेहमीच चालू असते. दाब वाढला की पहिली उष्णता तेथेच निर्माण होते, तेथले ग्रीस आधी जळते, आणि पोलाद निळे पडले म्हणजे त्याची मूळची कठीणता गेली असे धरावे लागते.

९ तारखेच्या नोंदीत मी डाव्या चाकासमोर 'ठीक' असे लिहिले होते. ते आज खोडून त्याजागी 'शून्य' असे लिहिले. पुस्तिकेतल्या मर्यादेला खालचेही टोक आहे, ०.०२५; शून्य हे त्याच्याही खाली येते. उजवे चाक ढिले होते म्हणून आवाज करत होते, स्टिअरिंग हलवत होते, पेडल खाली नेत होते, आणि तरीही त्याचे रोलर शाबूत निघाले. घट्ट असलेल्या डाव्या चाकाने हाताला लागलेल्या उष्णतेशिवाय कसलीच खूण दिली नाही. असे बेअरिंग आणखी तापत गेले असते तर ॲक्सललाच चिकटून बसले असते. डावे चाक आज उघडले नसते तर काय झाले असते, हा विचार दिवसभर मनातून गेला नाही.

दोन्ही बाजूंची चारही बेअरिंगे आणि दोन्ही सील नवी घेणार. उजव्या बाजूचे रोलर चांगले असले तरी ते तिरप्या कपावर चालले आहेत, आणि कप बदलला की कोनही बदलायचा असतो. झिजलेला कोन नव्या कपावर कधीच नीट बसत नाही. कप आणि कोन यांच्या तोंडावर वेगवेगळे क्रमांक कोरलेले असतात, ते आठही क्रमांक उतरवून घेतले.

३० नोव्हेंबर २०२४, शनिवार

नवे कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले होते. ६० मिलिमीटर व्यासाची पोलादी कडी ४५ अंश सेल्सिअसने थंड केली तर तिचा व्यास सुमारे ०.०३ मिलिमीटरने घटतो. ऐकायला हे थोडे वाटते, पण घट्ट बसणाऱ्या कपासाठी तो मोठा दिलासा असतो. दंवाने ओला झालेला कप पुसून हबच्या तोंडावर सरळ ठेवला आणि जुना कप त्यावर उलटा धरून त्याच्या कडेवर ठोकला, म्हणजे हातोडीचा घाव नव्या कपाच्या पृष्ठाला लागत नाही. जुन्या कपाला आधी कापून एक चीर पाडली होती, नाहीतर तोही हबमध्ये अडकून बसतो.

कप पूर्ण बसला की नाही हे कानाला सर्वांत आधी कळते. आत जात असताना प्रत्येक घावाला पोकळ, घंटेसारखा नाद येतो; कप कठड्याला सगळीकडून टेकला की तो नाद एकाएकी थांबतो आणि ऐरणीवर मारल्यासारखा बोथट 'ठक' ऐकू येतो. उजव्या हबच्या आतल्या कपाला सहा घाव लागले. सातव्याला आवाज बदलला. आठवा घाव खात्रीसाठी मारला. कानावर विसंबून न राहता दोन्ही खोबण्यांतून ०.०४ चे पाते घालून पाहिले. कोठेही शिरले नाही. चारही कपांची अशी तपासणी केली. हे पाते घालायला प्रत्येकी अर्धा मिनिट लागतो, आणि मागच्या वेळी कोणी हा अर्धा मिनिट दिला असता तर या वहीतली निम्मी पाने लिहावी लागली नसती.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स जातीचे, एनएलजीआय (ग्रीसच्या घट्टपणाची श्रेणी) क्रमांक २ चे घेतले. डिस्क ब्रेकची उष्णता हबपर्यंत पोहोचते, त्यामुळे साध्या लिथियम ग्रीसपेक्षा ज्याचा वितळबिंदू बराच वर आहे असे ग्रीस इथे हवे. जुने ग्रीस हबमधून, ॲक्सलवरून आणि टोपीतून पूर्ण पुसून काढले, कारण वेगवेगळ्या जातीची ग्रीस एकत्र आली की कधी कधी दोन्ही पातळ होऊन वाहून जातात.

कोनात ग्रीस भरण्याचे यंत्र मिळते, पण मला तळहातच बरा वाटतो. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला, उजव्या हातात कोन त्याच्या रुंद तोंडाने खाली धरला आणि त्याची कड गोळ्याच्या काठावर दाबत तळहाताकडे ओढली. चार-पाच वेळा असे केल्यावर ग्रीस रोलरच्या फटींतून वर चढते आणि अरुंद तोंडाशी, पिंजऱ्याच्या प्रत्येक खिडकीतून, बारीक वळ्यांच्या रूपात बाहेर येते. त्या वळ्या दिसल्या की कोन थोडा फिरवून पुढच्या भागाला तेच करायचे. नुसते वरून फासलेले ग्रीस रोलरच्या आतल्या बाजूला पोहोचत नाही, आणि बेअरिंगची खरी गरज तेथेच असते. हबच्या पोकळीत कपांच्या आतल्या व्यासाच्या पातळीपर्यंत ग्रीसचा थर दिला, जेणेकरून तापल्यावर मधले ग्रीस पातळ होऊन रोलरपासून दूर जाऊ नये. पोकळी पूर्ण भरली नाही, कारण प्रसरणाला जागा लागते आणि ती नसली तर ग्रीस सील ढकलून डिस्कवर येते. टोपीतही फक्त पातळ लेप दिला.

सीलचा ओठ आतल्या बाजूला, बेअरिंगकडे तोंड करून बसवला. ओठावर आणि ॲक्सलच्या ज्या भागावर तो फिरतो त्या भागावर ग्रीस लावले. हब ॲक्सलवर चढवताना सरळ धरले. तिरपे धरले तर आट्यांची धार सीलच्या ओठाला कापते.

जुळवणी १० तारखेच्या पद्धतीनेच केली, पण नवे कप असल्याने १६ न्यूटन-मीटरला आवळून वीस-पंचवीस फेरे फिरवणे आणि सैल करणे हे तीन वेळा केले. उजव्या बाजूला बोटांनी टेकल्यानंतर पहिली खाच साधारण १७ अंश मागे जुळली. १.५ मिलिमीटरच्या पिचवर १७ अंशांचे ०.०७ मिलिमीटर होतात, आणि गेजनेही ०.०७ दाखवले. हिशेब आणि माप असे तंतोतंत जुळले तेव्हा फार समाधान वाटले.

डावी बाजू सहज जुळली नाही. पहिली खाच दोन-तीन अंशांवरच आली, तेव्हा माप जेमतेम ०.०१, पुढची खाच घेतली तर ०.१३५, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. गेल्या वेळी डाव्या बाजूला हात लावणाऱ्यासमोर हीच अडचण आली असणार. वॉशर काचेवरच्या पॉलिश पेपरवर आठचा आकडा काढत घासला, दर दोन मिनिटांनी मायक्रोमीटरने चार ठिकाणी जाडी मोजली, आणि ०.०५ मिलिमीटर उतरल्यावर थांबलो. वॉशर पातळ झाला की नट तेवढाच आत जातो, त्यामुळे बोटांनी टेकण्याची जागा १२ अंशांनी पुढे सरकली आणि तीच पहिली खाच आता सुमारे १४ अंश मागे आली. माप ०.०६ मिलिमीटर. या एका वॉशरला पाऊण तास लागला.

दोन्ही बाजूंना नव्या स्प्लिट पिना घातल्या. एक पाय ॲक्सलच्या टोकावर वळवला, दुसरा कापून नटाच्या बाजूवर चेपला, आणि कोणताही पाय टोपीच्या आत घासत नाही हे टोपी बसवण्यापूर्वी हाताने फिरवून पाहिले. चाके बसवली, आणि गाडी खाली घेण्यापूर्वी पेडल सात-आठ वेळा दाबून पॅड पुन्हा डिस्कपर्यंत आणले.

चाक वरखाली धरून हलवल्यावर अगदी सूक्ष्म हालचाल आता दोन्ही बाजूंना जाणवते. ती तशीच असायला हवी. शंकू-रोलर बेअरिंग असलेल्या जुन्या गाडीचे चाक हाताला दगडासारखे घट्ट लागले, तर ते चाक मी आता सर्वांत आधी उघडेन.

१ डिसेंबर २०२४, रविवार

पुन्हा तोच २५ किलोमीटरचा रस्ता, पुन्हा ब्रेक जपून. दोन्ही हब कोमट आहेत आणि दोन्हींवर तळहात कितीही वेळ ठेवता येतो. थरथर नाही. सलग तीन मोठ्या वळणांनंतर पेडल पहिल्याच दाबाला जागेवर.

७ डिसेंबर २०२४, शनिवार

उजव्या टाय रॉडचे टोक बदलले. जुने काढण्यापूर्वी त्यावरचे उघडे आटे मोजून नवे तेवढ्याच आट्यांवर बसवले आणि अलाइनमेंट करून घेतले. ब्रेक दाबूनही राहणारा आडवा गचका गेला.

१५ डिसेंबर २०२४, रविवार

जुळवणीनंतर ५२० किलोमीटर झाले. दोन्ही चाके काढून पुन्हा मापे घेतली. उजवे ०.०८, डावे ०.०६. उजव्या बाजूचा एक शतांशाचा फरक नव्या बेअरिंगच्या बसण्याचा आहे. गेल्या वेळी याच्या निम्म्याहून कमी अंतरात पंधरा शतांश वाढले होते. टोप्यांमध्ये वेगळे झालेले तेल नाही, सीलमागे ओल नाही, आणि डिस्कची मागची बाजू कोरडी आहे. नट हलवण्याची गरज नसल्याने पिना तशाच ठेवल्या. टोप्या बसवून चाके लावली, आणि पुढच्या मापासाठी ५,००० किलोमीटरचा आकडा डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला.